डाव्या सीटवरचे चाचा

"रुको. दोघींना विचारू."

असं म्हणून चाचा दोन्ही हात पुढे करायचे. एका तळहातावर पिवळं यंत्र, दुसऱ्यावर काळं. मग भाजीवाल्याच्या तराजूसारखे दोन्ही हात हळूहळू वरखाली करत ते आळीपाळीने दोन्ही स्क्रीनकडे बघायचे. तोवर मी जीप कडेला घेऊन इंजिन बंद केलेलं असायचं, कारण हा कार्यक्रम लवकर संपणारा नसे.

आम्ही दोघं नाशिकमधल्या वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात होतो. कुठे कांद्याच्या खळ्यावर, कुठे भाताच्या गिरणीत काटा बिघडला की मी जीप काढायची आणि दुरुस्तीला जायचं. चाचा सोबत नेलेली लोखंडी मापं काट्यावर ठेवून तो खरं बोलतो की नाही ते तपासायचे. ते मूळचे मालेगावचे. तरुणपण यंत्रमागाच्या शेडमध्ये गेलं होतं. त्या खडखडाटाने एक कान मंद झाला होता आणि चार भिंतींचा त्यांना कायमचा वीट आला होता. जीपच्या डाव्या सीटवर बसून काच खाली केली की म्हणायचे, "बेटा, असली कमाई ये है. ये हवा."

आता तुम्हाला वाटेल, चाचांना सगळे रस्ते पाठ असणार. छे! कुठल्या फाट्यावर चहा चांगला मिळतो तेवढं पाठ. बाकी सगळा आनंद. त्यात त्यांची एक खोड होती. तोंडाने 'डावीकडे' म्हणायचे आणि हात उजवीकडे करायचे. दोन-तीनदा नको तिथे शिरल्यावर मी एक नियम करून टाकला: ऐकायचं काही नाही, हात बघायचा. हात कधी चुकला नाही.

पेठ-सुरगाण्याकडे फोनची रेंज गेली की आम्ही हमखास हरवायचो. शेवटी शेठ वैतागले. एका ओळखीच्याकडून रस्ता दाखवणारी दोन हातयंत्रं त्यांनी वापरून बघायला आणली. ट्रेकला जाणारे गळ्यात अडकवतात तशी. "दोन्ही चालवून बघा," शेठ म्हणाले, "चांगलं निघेल ते ठेवू, दुसरं परत." आणि जाता जाता म्हणाले, "यंत्र ठरलं की गाडीत एकच माणूस पुरे. मापं उतरवायला हमाल तिथे असतातच. चाचा, तुम्ही मग दुकानात बसा. आराम करा."

"जी, शेठ," चाचा म्हणाले. आणि परीक्षक कोण नेमला होता म्हणता? चाचाच.

त्या दिवसापासून दोन्ही यंत्रं त्यांच्या मांडीवर. पिवळी आणि काळी. दोघींना बोलता येत नव्हतं. वळण आलं की टुक करायच्या आणि बाण दाखवायच्या. मग बोलण्याचं काम चाचांनी अंगावर घेतलं. "आगे डावीकडे," असं गंभीरपणे म्हणून ते हात उजवीकडे करायचे, आणि मी निमूट उजवीकडे वळायची. पिवळी वळणाच्या खूप आधी टुक करायची. काळी वळण मागे पडल्यावर. "पिवळी घाबरट, काळी आळशी," हा त्यांचा पहिला शेरा. भर उन्हात पिवळीची स्क्रीन स्वच्छ दिसायची, पण काळीची बॅटरी संपता संपत नव्हती. संध्याकाळी शेठ विचारायचे, "काय चाचा, कोणती?" चाचा मान हलवायचे. "अजून एक चक्कर पाहिजे, शेठ. ऐसा कैसा पास करू?"

घोटीला तर कमाल झाली. काळीचा बाण रस्ता सोडून थेट भातखाचरांकडे दाखवायला लागला. समोर खाचरांपलीकडे गिरणी दिसत होती, पण रस्ता कुठाय? नंतर कळलं, चाचांनीच बटणं दाबता दाबता तिला पायी चालणाऱ्यांच्या हिशेबाने लावून ठेवलं होतं. मला म्हणाले, "तू गाडी घेऊन ये. मी हिची परीक्षा घेतो." आणि काळीला छातीशी धरून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बांधाबांधाने चालायला लागले. मी लांबचा फेरा घालून पोहोचले तर गिरणीवाला दारातच हसत उभा. "ताई, तुमचा मानूस कवाच आला. चहा बी झाला." चाचा बशी खाली ठेवून म्हणाले, "काळी बरोबर होती, बेटा. गाडी चुकीची होती."

चांदवडला कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत अडकलो तेव्हा पिवळी सारखी टुकटुक करून 'वळा, वळा' सांगत होती. चाचा तिच्या पाठीवर थोपटत म्हणाले, "सबर कर, बाई. इथे सगळेच थांबलेत." संध्याकाळी पुन्हा तेच: अजून एक चक्कर.

मला सगळं कळत होतं. आणि खरं सांगते, ती परीक्षा कधीच संपू नये असं मलाही वाटत होतं.

मग उन्हाळ्यात नामपूरहून फोन आला. एका व्यापाऱ्याच्या खळ्यावरचा मोठा काटा बंद पडला होता. माल विकलेले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन उन्हात खोळंबले होते. सटाण्याच्या पुढे एका फाट्यावर पिवळी एकीकडे म्हणाली, काळी दुसरीकडे. चाचांनी दोघींना तोललं, आणि प्रथमच स्वतःचं मत दिलं. "काळीचं ऐक. जवानीत मी इथूनच आलो होतो."

बरंच पुढे गेल्यावर रस्ताच संपला. बैलगाडी घेऊन येणारा शेतकरी म्हणाला, "हाऊ रस्ता बंद शे, ताई. पुढे पूलनं काम चालू शे." चाचांचा चेहरा उतरला. त्यांनी काळी पायाशी ठेवली, पिवळी दोन्ही हातांत धरली आणि फाट्यापासून खळ्यापर्यंत तिचा एकेक बाण मला हाताने दाखवत राहिले. ती एकदाही चुकली नाही. काटा सुरू झाला, तेव्हा दुपार कलली होती. ट्रॅक्टरच्या सावलीत बसलेली माणसं कपडे झटकून उठली.

नाशिकला परतलो. दुकानात शिरल्या शिरल्या, शेठनी विचारायच्या आधीच, त्यांनी पिवळी टेबलावर ठेवली. "ही पास. काळी परत करा."

मी त्यांना बाजूला घेतलं. "चाचा, अजून एक चक्कर मारली असती ना!"

"लोक धूपमध्ये उभे होते, बेटा." त्यांनी खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं. "काट्याच्या दुकानात राहून खोटं वजन सांगू?"

मला रडू आलं. त्यांनी मला चहा पाजला.

काही महिने ते दुकानातल्या स्टुलावर बसले. मी जीप काढली की पायरीवर येऊन हात दाखवायचे. पण भिंतींशी त्यांचं जमलं नाहीच. मालेगावला मुलीकडे निघून गेले. पिवळी आता डॅशबोर्डवर असते. गुणी आहे, चुकत नाही. तरी ती टुक करते तेव्हा मी आधी डाव्या सीटकडे बघते.

परवा मालेगावला काम निघालं, म्हणून चाचांकडे जायचं ठरवलं. पिवळीने मला गल्लीगल्लीतून फिरवून एका भिंतीसमोर आणलं आणि पोहोचलात म्हणून जाहीर केलं. मी फोन लावला. पलीकडून यंत्रमागांचा खडखडाट, आणि त्यावर चढलेला ओळखीचा आवाज. "पिवळी अटकली? सुन, बेटा. तिथून डावीकडे वळ. एकदम डावीकडे!"

फोनवर हात दिसत नाही. मी उजवीकडे वळले.

गल्लीच्या तोंडाशी चाचा उभे होते. जीप दिसताच त्यांनी काचेतून आत बघितलं, पिवळीची खबर घेतली आणि दार उघडून डाव्या सीटवर चढून बसले. "घर इथेच आहे," म्हणाले, "पण आधी एक चक्कर मार."