पेनातला लाल दिवा

माझा प्रोब चुकूच शकत नाही, असं मी अख्ख्या पॉलिटेक्निकला ठणकावून सांगत फिरायचो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बॉलपेनच्या रिकाम्या नळीत मी दोन दिवे आणि टोकाला सुई बसवली होती. आयसीच्या, म्हणजे चिपच्या, पायाला सुई टेकवायची. वीज पोचत असली तर लाल, नसली तर हिरवा. वीज तपासायचा कॉलेजचा मोठा ऑसिलोस्कोप कपाटात कुलूपबंद, आणि चावी घेऊन सर रजेवर. मग काय, सगळे माझ्याच दारात!

माझा खोलीतला जोडीदार पालमकडचा. घरचे दरसाल ऊसतोडीला जायचे. सेलूच्या जिनिंगच्या फाटकातून जाणाऱ्या कापसाच्या गाड्या मोजणारं यंत्र त्यानं परीक्षेसाठी केलं होतं. परीक्षा दोन दिवसांवर आली आणि ते शून्यावरच अडून बसलं.

"नापास झालो तर बा म्हणलाय, दिवाळीनंतर कोयता धर," तो म्हणाला. "बघ की जरा."

मी ऐटीत सुई टेकवली. लाल.

"वीज पोचायलीय लेका. आयसीच उडाली तुजी. परभणीत मिळायची न्हाई, हैदराबाद गाठ."

त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. पिशवी उचलली आणि स्टेशनवर गेला.

परीक्षेच्या सकाळी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता. गाड्या पूर्णेलाच अडवल्यात, असं कळलं. बाहेरचे परीक्षक मात्र आदल्या दिवशीच येऊन राहिले होते. मी माझं यंत्र तपासायला प्रोब जोडला आणि हातातून तो टेबलावर पडला. सुई लाकडाला टेकली.

लाल!

लाकडात कुठली आलीय वीज? मी सुई हवेत धरली. तरी लाल. अरे देवा! जिथं काहीच नाही तिथं लावून बघायचं मला कधी सुचलंच नव्हतं. मी धावत जाऊन त्याच्या यंत्राची वीज आणणारी तार ओढली. वरचं प्लास्टिक धड, आतली तार तुटलेली. दुसरी लावली. शून्य गेलं, एक आला. दोन आला. आयसी ठणठणीत होती! मला तिथंच रडू फुटलं.

परीक्षकांना मी त्याचं यंत्र चालवून दाखवलं, हात जोडले. तरी त्यांनी त्याच्या नावापुढं गैरहजर लिहिलं.

तो संध्याकाळी आला, पूर्णेहून बराचसा पायी. पाय सुजलेले. परीक्षक गेल्याचं सांगितलं तेव्हा तो दारातच खाली बसला. खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं रुमालाची गाठ सोडली. आत दोन आयसी होत्या.

"एक तुला आणली," तो म्हणाला. "तुजा प्रोब लय भारी हाय, पण आयसीचा काय भरवसा."

मी हात पुढं केला आणि ती घेतली. खरं मी त्याला आजवर सांगितलेलं नाही.