काकूंच्या खेळांचं ग्रंथालय

व्हिडिओ गेम खेळणारी माणसं जगात कोट्यवधी असतील, पण खेळून झालेला खेळ नीट परत जागेवर ठेवून येणारी व्यक्ती या पृथ्वीतलावर एकच आहे आणि ती रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात राहते. ती माझी घरमालकीण. मी नाशिकहून नवा रायपूरच्या एका कचेरीत नोकरीला आलो आणि खोली पाहायला म्हणून त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा काकू सदुसष्ट वर्षांच्या होत्या, दोन्ही गुडघे कुरकुरत होते, आणि टीव्हीसमोरच्या आरामखुर्चीत बसून, हातात कंट्रोलर धरून त्या एका राक्षसाला शांतपणे सांगत होत्या, "थांब रे बापा, चष्मा पुसून राहिली मी." राक्षस काही थांबला नाही. काकूंनी चष्मा पुसला, डोळ्यावर चढवला, आपण मेलो आहोत याची खात्री करून घेतली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "खोली पाहाले आला न? चपला तिकडं काढ."

काकूंचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथलं. त्यांची मराठी ऐकून पहिले पंधरा दिवस मला वाटायचं की बाई माझ्यावर कशाने तरी चिडल्या आहेत. नंतर कळलं की त्या चिडल्या म्हणजे एकदम पुस्तकी, शुद्ध मराठीत बोलतात. चौतीस वर्षं त्यांनी एका शाळेचं ग्रंथालय सांभाळलं होतं, आणि निवृत्त झाल्या त्या फक्त कागदोपत्री. पुस्तक उशिरा परत करणाऱ्या मुलाला त्या दंड करत नसत. सगळ्यांसमोर उभं राहून एक पान मोठ्याने वाचायचं, ही त्यांची शिक्षा. एकदा मी त्यांची छत्री नेली आणि आठवडाभराने परत केली. काकूंनी छत्री उघडून तपासली, मिटली, आणि मला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभं करून त्या दिवसाच्या वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचायला लावला. मी तीस वर्षांचा, गळ्यात कचेरीचं ओळखपत्र, आणि खालून दूधवाला ऐकतोय. दूधवाल्याला अग्रलेख आवडला असावा, कारण तो शेवटपर्यंत थांबला.

ते खेळाचं मशीन भाच्याने बंगळूरला जाताना त्यांच्याकडे टाकलं होतं. टाकलं म्हणजे काय, "मावशी, कपाटात राहू दे" म्हणाला होता. पण कुठलीही गोष्ट कपाटात नुसती राहू देणं काकूंच्या स्वभावात नाही. त्यांनी ते मशीन टीव्हीला लावलं. त्या मशीनला चकती लागत नव्हती, दुकान टीव्हीतच उघडायचं आणि खेळ विकत घेतला की तारेतून घरी उतरायचा. मी येईपर्यंत काकू भाच्याने त्यात ठेवलेला एकच राक्षसांचा खेळ खेळत होत्या, कारण दुकानाला ईमेल लागत होतं आणि ईमेलवर त्यांचा विश्वास नव्हता; मी आल्यावर पैसे त्यांचे आणि खातं माझं असं ठरलं. मग त्यांनी कात्री घेतली, पुठ्ठ्याची कार्डं कापली आणि प्रत्येक खेळाला क्रमांक दिला. विषय पाडले: मारामारी, मोटारी, प्रवास, संकीर्ण. भाजीपाला पिकवण्याचा एक खेळ शेतीत घालावा की कथेत, यावर दोन दिवस विचार झाला आणि त्या दोन दिवसांत कोणालाही तो खेळू दिला नाही. टीव्हीचा आवाज कायम बंद. तोफा उडत, विमानं कोसळत, ड्रॅगन जबडा वासत, आणि काकूंच्या हॉलमध्ये फक्त पंख्याची कुरकुर ऐकू येई. खेळातसुद्धा त्या कधी धावल्या नाहीत. धावण्याचं बटण आहे हे मी दाखवलं तर म्हणाल्या, "लेकरं धावतात, आपण नाही." एकदा खेळातल्या कोणीतरी त्यांना तलवार दिली, तर ती देणाऱ्याला परत करण्यासाठी त्या चार दिवस त्याचं घर शोधत होत्या.

पण खरी गंमत परत ठेवण्याची. खेळून झालं की काकू तो खेळ मशीनमधून काढून टाकत. पाहिजे तेव्हा दुकानातून पुन्हा उतरवता येतो हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांच्या हिशेबी दुकान म्हणजे मांडण्या आणि मशीन म्हणजे वाचनाचं टेबल. टेबलावर कोणी पुस्तकं साठवत नाही. मी एकदा समजावून पाहिलं की काकू, हा खेळ तुमचा आहे, पडू द्या इथेच. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी पानं दुमडून ठेवणारा आहे. "काहून पडू देऊ? तिकडं कोणी वाट पाहत असलं तर? मी इथं दाबून बसली, अन् त्याले नाही भेटला, तर?" मी म्हटलं, काकू, तिथे प्रती संपत नसतात, एकाच वेळी लाखो लोक नेऊ शकतात. काकू हसल्या. "असं कोणतं ग्रंथालय असते रे बाबू?" खेळ काढला तरी आपण कुठवर आलो याची नोंद मशीनमध्ये राहते, हे मात्र त्यांना फार पटलं होतं. "पुस्तक परत जाते, खूण राहते," असं त्या सभासदांना सांगत.

हो, सभासद होते. शेजारच्या देवळातल्या पुजाऱ्यांच्या पत्नी शनिवारी आरती आटोपून येत आणि पदर खोचून मोटारींच्या शर्यती लावत. एरवी मुंगीला वाट देणारी ही बाई वळणावर समोरच्याला खुशाल दरीत ढकलायची आणि मग हात जोडायची. आणि रविवारी चार वाजता बीरगांवहून ऑटो बदलत बदलत एक भैया येत. ते लोखंडाच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि कारखान्याने त्यांचे कान घेतले होते. त्यांचे वडील महानदीवर नाव चालवत. पूल झाला, नाव गेली, आणि हे कारखान्यात लागले. काकूंकडे नावाड्याचा एक छोटासा खेळ होता: काठावर माणसं उभी असतात, त्यांना बसवायचं आणि पलीकडे सोडायचं, बस. भैया दोन वर्षं तेवढंच खेळत होते. ऐकू येत नसल्याने ते फार मोठ्याने बोलत. त्या हॉलमध्ये मोठ्याने बोलण्याची परवानगी फक्त त्यांना होती. "दीदी, आज सब्बो झन ला पार लगा देहूँ!" म्हणजे आज सगळ्यांना पलीकडे पोचवतो, असं म्हणत ते बसत, आणि एखादी म्हातारी काठावर राहून गेली की आठवडाभर तिचा घोर लावून घेत.

काकूंचा स्वतःचा खेळ मात्र अवाढव्य. हरवलेल्या धाकट्या बहिणीला शोधत डोंगरामागून डोंगर पार करणारी एक बाई, अशी त्याची गोष्ट. धावायचं नाही, दिसेल ती पाटी वाचायची, भेटेल त्याच्याशी बोलायचं, अशा रीतीने काकू तो तीन वर्षं खेळत होत्या आणि शेवटच्या घाटापर्यंत पोचल्या होत्या. त्या एका खेळाने मशीनचं पोट भरून जाई. म्हणून सोमवार ते शुक्रवार टेबल काकूंचं. शनिवारी दुपारी तो परत जागेवर, मग शर्यत आणि नाव उतरवायची, आणि सोमवारी पुन्हा दिवसभर थांबून आपला डोंगर उतरवून घ्यायचा. दर आठवड्याला. मी याला वेडेपणा म्हणायचो. काकू याला शिस्त म्हणायच्या.

आता माझा गुन्हा सांगतो. एका शनिवारी सकाळी अकराला मी साठलेली ईमेल साफ करत बसलो होतो. शर्टांची विक्री, कर्जाचं आमिष, आणि त्यात त्या दुकानाची पाच पत्रं. दर वेळी जाहिरात समजून मी ती न उघडता सोडून दिली होती. दुकान कायमचं बंद होत होतं. विकत घेतलेले खेळसुद्धा त्यानंतर उतरवता येणार नव्हते. मशीनमध्ये जे असेल तेवढंच तुमचं. मुदत होती त्याच दिवशी संध्याकाळी चारपर्यंत.

मी जिना कसा उतरलो आठवत नाही. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पाच पत्रं आली होती, आणि आपण एकही उघडलं नाही?" 'आपण' ऐकताच मी चपला चढवल्या. मी गाडी काढली, तेलीबांध्यापर्यंतची चार दुकानं पालथी घातली. या मशीनला बसेल असं साठवणीचं कार्ड आता कोणी बनवतच नाही, असं चारही ठिकाणी सांगण्यात आलं. परत आलो तेव्हा दीड वाजला होता. काकूंनी पुठ्ठ्याच्या कार्डांचा खोका मांडीवर घेतला होता. त्रेसष्ट खेळ. मशीनमध्ये त्या घटकेला होता एकच, त्यांचा डोंगर. तो ठेवला तर दुसऱ्या कशालाच जागा नाही. तो काढला तर शर्यत आणि नाव मावतील, आणि दोन्ही तासाभरात उतरल्या तर वर भाजीपालाही.

"काकू," मी म्हटलं, "तुमचा राहू द्या. तीन वर्षं झाली. शेवटच्या घाटात आहात. भैयांना मी समजावतो."

"कसं समजावशील? त्याले ऐकू येत नाही," काकू म्हणाल्या. मग कंट्रोलर उचलला. "वाचकाच्या हातातलं पुस्तक काढून घेत नसतात रे. अन् मी काही वाचक नाही. मी ग्रंथपाल आहे."

त्यांनी आपला डोंगराचा खेळ उघडला. ती बाई बर्फात उभी होती. काकूंनी तिला चार पावलं चालवत एका दगडाच्या आडोशाला नेऊन बसवलं, वाऱ्यात नको म्हणून. मग बाहेर येऊन खेळ काढून टाकला. खरंच काढू का, असं मशीनने विचारलं, तेव्हा त्या पुटपुटल्या, "हव." मला तिथे उभं राहवेना. मी पाणी आणायला म्हणून आत गेलो आणि उगाच दोन ग्लास पिऊन आलो. चारच्या आत शर्यत उतरली, नाव उतरली, भाजीपाल्याचा खेळ अर्ध्या वाटेतच राहिला आणि दुकानाच्या जागी एक रिकामी चौकट आली.

दुसऱ्या दिवशी भैया आले, चपला तिकडं काढल्या, आणि त्यांनी नऊ माणसं पार लावली. त्यांना काहीच कळलं नाही. काकूंनी कळूही दिलं नाही. मी नंतर काकूंना म्हटलं, त्या खेळाचा शेवट कोणीतरी इंटरनेटवर टाकलेला आहे, पाच मिनिटांत दाखवतो, बहीण भेटते की नाही ते कळेल तरी. काकू म्हणाल्या, "दुसऱ्याच्या डोळ्यानं मले नाही वाचायचं." कार्डंही त्यांनी फेकली नाहीत. मशीनमध्ये त्रेसष्ट खुणा अजून आहेत, पुस्तकं तेवढी दोन.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, आम्ही तेलीबांध्याला राहायला गेलो. पण माझी शिक्षा संपलेली नाही. दर शनिवारी सकाळी अकरा वाजता मी ब्राह्मणपाऱ्यात जातो, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहतो आणि त्या आठवड्यात आलेली माझी सगळी ईमेल मोठ्याने वाचतो. शर्ट, कर्ज, विमा, स्वस्त विमान, एकही सोडायचं नाही. काकू आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकतात. आता त्या सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत, मध्येच त्यांना डुलकी लागते, पण मी एखादं गाळलं की डोळे उघडतात. शेवटचं वाचून झालं की विचारतात, "उघडलं का रे बाबू, ते दुकान?"

"नाही काकू."

"बरं," त्या म्हणतात. "थांबली आहे न ती आडोशाला. पुढच्या शनिवारी नीट पाहून ये."