दारातले गमबूट

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. माझ्या हस्ताक्षरात वहीत जे आहे आणि डोळ्यांनी जे पाहिलं, तेवढंच सांगतो.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कारखान्यात मी उत्पादनाचं वेळापत्रक बनवायचो. नवा कॉम्प्युटर आला होता. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर मेमरी मोजणारे हिरवे आकडे चढत जायचे, ६४० वर थांबायचे... बीप! मग फ्लॉपी खरखरायची आणि मशीन तारीख विचारायचं. आत बॅटरी नव्हती, त्यामुळे स्वतःहून दाखवायचं ते रोज एकच — १ जानेवारी १९८०. खरी तारीख आणि वेळ मी टाइप करायचो. धूळ नको म्हणून चपला-बूट दाराबाहेर. हा नियम माझाच.

एका मंगळवारी सकाळी पडद्यावर परवाची, गुरुवारची तारीख आली. एंटर दाबलं, तर वेळ — १०:४०. दोन्ही वहीत उतरवलं. बंद करून परत चालू केलं... पुन्हा १ जानेवारी.

वेळापत्रक काढलं. गुरुवारी १०:४० ला एकच काम होतं — तीन नंबरच्या रिअ‍ॅक्टरचं झाकण उघडणं. रसायनाची बंद टाकी ती, आत वायू साठला असेल तर जिवावरचं काम. माणूस बाळाराम. पोलादपूरचा माझा शेजारी, आम्ही एकाच एसटीने जायचो-यायचो.

संध्याकाळी परतताना त्याला सांगितलं, तर हसायला लागला. "भाऊ, तुमची पेटी पंचांग बघाया लागली काय? माज्या पोरीचा मुहूर्त पन इचारा!"

"थट्टा नको रे. गुरुवारी रजा टाक."

"रजा शिल्लक नाय. आन् अर्जात काय लिवू, पेटीनं सांगितलं?"

गुरुवारी साडेदहाला मीच शेडमध्ये गेलो. फरशी धुणं चालू होतं, बाळाराम गमबूट घालून पाण्यात उभा. सुपरवायझरला सांगून झाकणाचं काम थोडं पुढे ढकललं आणि त्याला म्हटलं, "चल, कॉम्प्युटर चालू होताना बघायचा होता ना तुला?"

दारात तो तसाच आत शिरायला लागला.

"बूट काढ."

"आत पानी गेलंय भाऊ, पाय वले हायत."

"असू देत. काढ."

बटण दाबलं. आकडे चढले. ६४०. बीप. "आता तारीख येनार, व्हय?" म्हणत तो वाचायला वाकला आणि हात टेकला, तो बाजूच्या स्टॅबिलायझरच्या पत्र्यावर. ओरडलासुद्धा नाही. मी मेन स्विच पाडला तोवर सगळं संपलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात दहा चाळीस.

पत्र्यात करंट उतरला होता. मी रोज तिथेच बसायचो, कोरड्या पायांनी.

तीन नंबरचं झाकण नंतर दुसऱ्याने उघडलं. काहीही झालं नाही.

मेकॅनिकने माझी वही पाहिली. "बॅटरीच नाही, तर मशीन पुढची तारीख आणेल कुठून?" मला ते पटतं. पण मग मी उतरवून काय घेतलं?

चार दिवसांनी बाळारामची बायको, आमच्या वहिनी, गमबूट न्यायला आल्या. आतून अजून ओले होते. "करंट लागला म्हंतात... मंग ह्ये पायात कसं नव्हतं, भाऊ?"

ती वेळ पडद्यावर कुठून आली, मला आजही सांगता येत नाही. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर मात्र माहीत होतं. तेही मी दिलं नाही.