कॉलरला टाचलेला एकशे तेरावा दिवस

माझी मावशी रोज अकरा ते सव्वाअकरा मरणाच्या दारात असते. बाकीचा दिवस ती लाँड्रीत इस्त्री करते.

तिचा एक खेळ आहे, एकटीनं खेळायचा. नियमांचं पातळ पुस्तक, एक फासा आणि लिहायला कागद. आपण एका भयाण रानात अडकलोय असं धरायचं. तिथे वेली पाय ओढतात, धुकं चावतं. फासा टाकायचा, काय ओढवलं ते पुस्तकात बघायचं आणि त्या दिवसाची हकिकत लिहायची. मावशी कोऱ्या पावतीच्या पाठीवर लिहिते आणि घरी जाऊन वहीत चिकटवते. पान हरवलं की माणूस रानात हरवला, खेळ पहिल्यापासून. सोबत तिचं एक खेचर आहे. त्याला माझंच नाव दिलंय, भिंगरी. दोघी सांगितलेलं ऐकत नाहीत म्हणे.

मालक हसतो. "ताई, वयाला शोभेल असं काहीतरी करा."

मी म्हटलं, "तुम्ही दिवसभर मोबाईलवर फळं फोडता, आम्ही काही बोलतो का?"

मावशीनं आयुष्यात दोन गोष्टी अर्धवट सोडल्या, शिवणाचा क्लास आणि लग्न. तिसरी सोडायची नाही असं तिनं ठरवलंय. म्हणून मंगळवारी ती खिसे उलटे करताना दिसली तेव्हा मी हातातली घडी टाकून धावले.

"गेला," ती म्हणाली. "एकशे तेरावा. पावती समजून कॉलरला टाचला."

आमच्याकडे कपडे देताना पावती कॉलरला टाचतात. हात आपोआप चालतो. खरी पावती तिच्या खिशातच राहिली होती. नंबर अठ्ठेचाळीस. म्हणजे जमिनी मोजायचे ते रिटायर काका. एकदा बटण तुटलं तर तुटक्या बटणाचा फोटो घेऊन आलेले.

मी सायकल काढली.

काकांनी दार उघडलं तेव्हा कागद त्यांच्या हातातच होता.

"भिंगरी लंगडतेय म्हणे. खूर बघितला का कुणी?"

"भिंगरी मीच. लंगडतंय ते खेचर. कागद द्या."

"आणि ही बाई पाणी शोधायला डोंगर चढतेय? चाळीस वर्षं जमिनी मोजल्या मी. पाणी कधी वर असतं का?"

कागद दिला, पण खाली लाल शाईनं बाण काढून लिहिलं होतं, 'वर जाऊ नका. डावीकडे उतरा.'

मावशीनं आधी कागद छातीशी धरला. मग वाचला आणि तापली. "एकटीचा खेळ आहे हा. यांना कुणी बोलावलं?"

"खोडून टाक."

"शाईतलं खोडायचं नाही. नियम आहे."

नियम म्हणजे नियम. बुधवारी अकराला ती तोंड वाकडं करून डावीकडे उतरली. फासा टाकला, सहा पडले. तिनं लिहिलं, 'दिवस एकशे चौदा. ओढा सापडला. भिंगरी पोटभर प्याली.'

गुरुवारी काका पाच शर्ट घेऊन आले. आमच्याच घड्या, मोडल्यासुद्धा नव्हत्या.

"काका, हे धुतलेलेच आहेत."

"परत धुवा. आणि पावती टाचताना परवासारखंच लक्ष द्या," ते मावशीकडे न बघता म्हणाले.

मावशीनं दातातली टाचणी एका कोऱ्या पावतीत खोचली. अकराला अजून वीस मिनिटं होती. तिनं फासा काढला.