कोराचा ससा आणि निळी पेटी

आल्विन टेवेस जन्मभर गावात पत्रं वाटत हिंडला. कुत्र्यांनी त्याच्या चार पँटी फाडल्या. आणि निवृत्त झाल्यावर या शहाण्यानं काय करावं? कुत्रीच पाळली! म्युन्स्टरलँडर जातीची, म्हणजे झाडीत पक्षी दाखवणार, तळ्यातून बदक आणणार, सगळ्यात तरबेज. नाव कोरा.

तरबेज खरी, पण एक खोड होती. शिकारी कुत्र्यांच्या परीक्षेत एक मेलेला ससा फरफटत नेऊन रानात टाकतात. कुत्र्यानं वास काढत जायचं आणि ससा आणून मालकाच्या हातात द्यायचा. गेल्या वर्षी कोरानं ससा शोधला आणि छान खड्डा खणून पुरला! असल्या कुत्र्याला शिकारी लोक ‘कबरखण्या’ म्हणतात आणि जागच्या जागी नापास करतात. पुन्हा एकदाच बसता येतं. तीही संधी हुकली की कोरा शिकारीतून कायमची बाद.

आल्विननं उन्हाळाभर घाम गाळला. रोज तोच एक ससा.

“मेला ससा माझ्या फ्रीजरमध्ये?” बायको हेडविग कडाडली. “दोघांनाही बाहेर काढीन!”

मग अंगणात बर्फाची निळी पेटी आली. कोरानं ससा आणला, की आल्विन तो पेटीत टाकायचा आणि म्हणायचा, “शाब्बास गं माझी राणी!” पुरणं बंद झालं.

परीक्षेचा दिवस उजाडला. कोरा सुटली, झाडीत गेली आणि ससा तोंडात धरून परतली. आल्विननं हात पुढे केले. ती त्याच्या शेजारून सरळ पुढे गेली! तिथं परीक्षक डोरिंगबाईंनी जेवणासाठी आपली अगदी तसलीच निळी पेटी उघडून ठेवली होती. कोरानं ससा बटाट्याच्या सॅलडमध्ये नीट ठेवला आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिली.

“पुरला!” डोरिंगबाई ओरडल्या.

“अहो बाई, माती कुठाय?” आल्विन धावला. पेटीमागे उभा राहून तो म्हणाला, “कोरा, दे गं.”

कोरानं ससा उचलला, समोर बसली आणि अलगद त्याच्या हातात दिला.

बाईंनी नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं. सॅलडबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

“पास,” त्या म्हणाल्या. “काठावर.”

आल्विन गवतात बसून कुत्रीच्या गळ्यात पडला आणि ढसाढसा रडला.

“ते सगळं ठीक आहे हो टेवेस,” बाई म्हणाल्या, “पण माझ्या सॅलडचं काय?”

आल्विननं नाक पुसलं. “ते मात्र आता पुरावंच लागेल.”