बाजूची सीट

नातीच्या शाळेत विमान आलं, तेही खोक्यात बसून. नागपूरहून आलेल्या मॅडमनी डोळ्यांवर चढवायचे जाडजूड काळे चष्मे टेबलावर मांडले. ते लावले की आपण वैमानिकाच्या खुर्चीत. मान वळवावी तिकडे आकाश. विमान चालवणं, त्याचं इंजिन दुरुस्त करणं, त्याला खालून वाट सांगणं, हीसुद्धा पोटापाण्याची कामं आहेत हे नववीच्या पोरींना कळावं म्हणून हा खटाटोप. सून धानाच्या रोवणीला गेली होती, म्हणून पालक म्हणून मी.

कार्यक्रम ठरल्यापासून नात घरभर विमान उडवत होती. नाव पुकारल्यावर मात्र माझ्या पाठीमागे दडली.

"आजी, मले नाई जमत. पडन त?"

"खुर्चीतून पडशीन त किती खाली पडशीन?"

पोरी हसल्या. हिच्या मुठीतला माझा पदर सुटेना.

तेव्हा मला दुसरी एक शूर पोर आठवली. दोन वेण्या, शेंबडं नाक, तोंडानं वाघ. नागभीडजवळच्या आमच्या गावात धानाची कापणी झालेल्या बांधीत कुण्या पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर उतरलं. चालक भला माणूस; पोरांना एकेक करून आत बसवत होता. "मीच पयली बसन" म्हणून गाव डोक्यावर घेतलेली ही बया तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या ढिगात शिरली, डोळे मिटून. हेलिकॉप्टर उडालं, त्याच्या वाऱ्यानं तणसही उडालं, आणि बाईसाहेब उकिडव्या बसलेल्या अख्ख्या गावाला दिसल्या.

"काऊन वं, बसली नाई?" मायनं विचारलं.

"तणस कोण राखन मंग?"

गाव हसलं, पुढं मीही हसत आले. पण आमच्या बांधीत पुन्हा कधी काही उतरलं नाही. शाळा सुटली, लग्न झालं. "बसतेस का?" असं मला परत कुणी विचारलं नाही.

हे सगळं नातीच्या कानात सांगितलं. ती खुदकन हसली, पदर सोडला आणि खुर्चीपाशी जाऊन चपला काढल्या.

"चपला राहू दे, बेटा," मॅडम म्हणाल्या.

"विमानात चपला घालून जाते का कोणी?" मीच दरडावलं.

चष्मा चढला. दोन्ही हातांनी तिनं खुर्ची गच्च धरली. मग एक हात सुटला.

"आजी! खालती बांध्या दिसून राह्यल्या!"

"मॅडम, मंग मले?" मी विचारलं.

"तुम्हाला चक्कर येईल, आजी. हे विद्यार्थ्यांसाठीच आहे."

नात काळ्या चष्म्यातून भलतीकडेच बघत होती. "आजी, बाजूची सीट रिकामीच हाय. ये न."

मी तिच्या चपला उचलून कडेला ठेवल्या आणि तिथेच उभी राहिले.