दोन टेबलांमधलं टपाल

बिराजदार सर स्टाफरूममध्ये माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसायचे आणि मला पोस्टकार्डं टपालानं पाठवायचे. कार्ड लिहायचं, उठून कॉलेजबाहेरच्या लाल पेटीत टाकून यायचं आणि पुन्हा माझ्यासमोर बसून पेपर तपासायचे. दोन दिवसांनी ते कार्ड शुक्रवार पेठेत आमच्या घरी यायचं. पहिल्यांदा मी उत्तर त्यांच्या हातातच द्यायला गेले, तर सर खुर्चीसकट मागे सरकले. "बाई, मशीनला हात असतात का? पेटीत टाका की!"

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्यापैकी कुणी कॉम्प्युटर पाहिलेला नव्हता. सरांनी पाहिला होता, मुंबईला, काचेच्या पलीकडून, पाऊण तास. तेवढ्या भांडवलावर हा माणूस वेगवेगळ्या गावांतल्या कॉम्प्युटरांचा अभ्यास करायला बसला. एकमेकांना फक्त निरोप पाठवून त्यांनी मिळून एक काम कसं करायचं? निरोप हरवला तर? कुणी खोटा निरोप घुसवला तर? आणि त्यांतलं एक मशीनच खोटं बोलायला लागलं तर? मशीनला हुकूम द्यायची एक नवी भाषाच ते रचत होते. तिच्यात निरोप कुणी पाठवला हे तपासल्याशिवाय पुढची ओळ चालायचीच नाही.

मशीन नव्हतं म्हणून आम्हीच मशीन झालो. अ म्हणजे सर, ब म्हणजे बार्शीचे एक शाळामास्तर, क म्हणजे मी, गणिताची नवी लेक्चरर. सही म्हणून फक्त ते अक्षर, मजकूर छापील वळणात, आणि ब आणि क यांनी एकमेकांना कधीही भेटायचं नाही. बार्शीचा पत्ता मला होता, पण माझं नाव मास्तरांना ठाऊक नव्हतं; त्यांची उत्तरं सरांमार्फत यायची. मधूनच सर मुद्दाम एखादं खोटं कार्ड सोडायचे, आणि मी फसले की टाळी वाजवायचे. "ठेवला विश्वास? खात्री कोण करणार, तुमची सासू?" मला सासू नव्हतीच. घरात मी आणि आई, आणि माझी अजून पक्की न झालेली नोकरी.

मग आणीबाणी आली. स्टाफरूममध्ये लोक चहासुद्धा हळू आवाजात मागायला लागले. कुणाच्या भावाला नेलं, कुणाच्या मेहुण्याला नेलं, अशा बातम्या कानाला लागून सांगितल्या जायच्या. आई म्हणाली, "अगं, लोक तोंडं शिवून बसलेत आणि तू कार्डं कसली लिहितेस! तुला नेलं तर मी कुणाच्या दारात जाऊ?" मी सरांना हे सांगितलं. मी भित्री आहे, तेव्हाही होते. घाबरले की सर ओठातल्या ओठात कानडीत आकडे मोजायचे, ओंदु, एरडु, मूरु. दहापर्यंत मोजून म्हणाले, "भीती मलापण लई वाटते हो. पण काम अर्ध्यात हाय की. एवढा प्रयोग होऊ दे, मग थांबू."

त्या प्रयोगाचं सरांचं कार्ड असं होतं: 'रविवारी नऊ वाजता तिघांनी एकदम सुरू करायचं. अ तयार. होकार कळवा.' मी बार्शीला लिहिलं, 'क तयार.' आज हे लिहिताना दिसतं, हा तर एखाद्या कटाचा निरोप वाटतो. तेव्हा आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की ही कार्डं उघडी आहेत आणि कुणीही वाचेल. निरोपाची खात्री करायला शिकणारी आम्ही शहाणी माणसं!

पोलीस आधी बार्शीला गेले. मास्तरांनी असेल ते सगळं सांगितलं आणि ताकीद घेऊन सुटले. क कोण, ते त्यांना माहीतच नव्हतं. कॉलेजच्या शिपायानं ही बातमी माझ्या कानात सांगितली. तास सोडून घरी गेले, सगळी कार्डं बंबात घातली. चार काड्या मोडल्या, पाचवी पेटली. आई दाराशी उभी राहून बघत होती.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलांच्या खोलीत बोलावणं आलं. फौजदार बसले होते, सर उभे होते. सरांनी सगळं खरं सांगून टाकलेलं होतं, मशीनचं, प्रयोगाचं, आणि क म्हणजे ह्या बाई, हेही. खऱ्यानं सगळं मिटेल असं त्यांना वाटत होतं. फौजदारांना काही ते पटेना. "एका खोलीत बसता आणि एकमेकांना पोस्टानं पत्रं? आम्हाला खुळं समजता काय?" मग बार्शीचं कार्ड माझ्यापुढे धरलं. "बाई, हे तुम्ही लिहिलंय?"

आई डोळ्यांसमोर आली.

"नाही," मी म्हणाले. "मला यातलं काहीच माहीत नाही."

"मग सर, खोटं कोण बोलतंय?"

सर माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलत होते. तीन-चार आकड्यांवरच ते थांबले. "मीच, साहेब. बाईंचं नाव उगीच घेतलं. क पण मीच."

त्यांना एकोणीस दिवस ठेवलं. वह्या नेल्या, त्या परत आल्या नाहीत. ते सुटून आल्यावर मी त्यांच्या घरी गेले, तर त्यांच्या पत्नीनं, वहिनींनी, दार उघडलं आणि पाठ फिरवून त्या आत निघून गेल्या. मी रडायला लागले. सर म्हणाले, "रडता कशाला? दोघं आत बसलो असतो तर तुमच्या आईला कोण बघणार होतं? एकानं बाहेर राहायला पाहिजे होतं की."

आणीबाणी संपली. आता खरं बोलायला कसलीच भीती नव्हती. तरी मी बोलले नाही, कारण आता लाज वाटत होती, आणि लाज भीतीपेक्षा वाईट. सरांच्या नावापुढे 'पोलिसांनी नेलेले' हे लागलं ते लागलंच. विभागप्रमुखाची जागा निघाली तेव्हा कमिटीनं त्यांचं नाव बाजूला ठेवलं आणि माझं घेतलं. सर आता नाहीत, म्हणून आज लिहिते आहे. यातही माझा भित्रेपणाच आहे.

विभागप्रमुख म्हणून रुजू व्हायच्या दिवशी मी त्या खोलीत टेबलाचा कोपरा धरून उभी होते. सर दारात आले, हातात माझ्यासाठी हार.

"बसा की बाई, उभ्या का?"

मी बसले.